डॉकएक्स विस्कटते, मराठी फॉन्ट ऐकत नाही: लिब्रेऑफिसबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लिब्रेऑफिसबद्दल, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरबद्दल, जाता जाता काहीतरी लिहिलं आणि तेवढ्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकतोय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं कापलीत, रागावू नका. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच निघालं, ते आधीच सांगून टाकतो. लोक याला फुकटातलं वर्ड समजून वापरतात, म्हणजे सेव्ह डॉकएक्समध्ये, वर्डच्या फॉरमॅटमध्ये, करायचं, सवयी सगळ्या वर्डच्या ठेवायच्या आणि मग काही हललं की शिव्या लिब्रेऑफिसला. त्याची स्वतःची एक रीत आहे, तिच्या कलाने घेतलं की फारसा त्रास होत नाही.

प्रश्न: खरंच फुकट आहे का हो? की काही महिन्यांनी पैसे मागणार? माझा छोटा व्यवसाय आहे, त्या कामाला वापरलं तर चालेल ना? आणि माझ्याकडे जुनं ओपनऑफिस आहे, ते आणि हे एकच का?

उत्तर: खरंच फुकट, व्यवसायालाही फुकट, कितीही मशीनवर टाका. ट्रायल वगैरे भानगड नाही. मोझिला पब्लिक लायसन्स २.० खाली येतं, त्यात घरगुती वापर वेगळा आणि धंद्याचा वेगळा असा भेदच नाही. डाउनलोड करताना डोनेशनचं पान समोर येतं आणि तिथे बरेच जण घाबरून बंद करतात, पण ते ऐच्छिक आहे, द्यावंसं वाटलं तर द्या नाहीतर सोडा. फक्त एक, मायक्रोसॉफ्टच्या आणि ॲपलच्या स्टोअरमध्ये जी कॉपी मिळते तिला पैसे पडतात, अधिकृत साइटवरून घेतली तर काही नाही. आणि सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात म्हणून जी साइट दिसते तिथून तर काहीच उतरवून घेऊ नका, कुठलंही सॉफ्टवेअर असो.

ओपनऑफिसचं म्हणाल तर दोघांचं मूळ घराणं एक. स्टारऑफिस नावाचं एक जर्मन सॉफ्टवेअर होतं, ते सन कंपनीने १९९९ मध्ये विकत घेतलं, २००० मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला, त्यातून ओपनऑफिस झालं. मग २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली, आता या प्रोजेक्टचं काय होणार याचा काम करणाऱ्यांना भरवसा वाटेना, म्हणून त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशन काढून लिब्रेऑफिस नावाने वेगळी चूल मांडली. ओपनऑफिस पुढे अपाची फाउंडेशनकडे गेलं आणि तिथे २०१४ पासून ४.१ हीच मालिका चालू आहे, अधूनमधून सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात एवढंच. तुमच्या दृष्टीने कामाचा फरक म्हणजे अपाची ओपनऑफिस डॉकएक्स फाइल उघडतं पण डॉकएक्समध्ये सेव्ह करून देत नाही. तेव्हा ते काढा आणि लिब्रेऑफिस टाका, जुन्या फाइली यात जशाच्या तशा उघडतील. व्हर्जनचे आकडे बघून गोंधळू नका, २०२४ पासून त्यांनी वर्ष आणि महिना असा नंबर द्यायला सुरुवात केली, २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी. आधीचं ७.६ होतं, मधली सोळा व्हर्जनं कुठे गेली असं एका वाचकाने विचारलंय, ती नव्हतीच!

प्रश्न: सर, मी माझा बायोडाटा लिब्रेऑफिसमध्ये केला, डॉकएक्स करून पाठवला, समोरच्याने वर्डमध्ये उघडला तर एका पानाचा दीड पान झाला आणि तारखा सगळ्या इकडेतिकडे. त्यांनी पाठवलेला फॉर्म माझ्याकडे उघडला तर तेच उलटं. यात काही सेटिंग आहे का?

उत्तर: सगळ्यात जास्त पत्रं याच विषयावर आहेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला संशयित फॉन्ट. डॉक्युमेंटमध्ये फॉन्टचं फक्त नाव असतं, फॉन्ट त्या मशीनवर नसला की प्रोग्रॅम त्याच्या जागी दुसरा लावतो, त्याची अक्षरं केसभर जरी रुंद असली तरी ओळीतला शेवटचा शब्द खाली घसरतो, असे चार-पाच शब्द घसरले की परिच्छेदाची एक ओळ वाढते आणि ओळी वाढल्या की पान वाढतं. हे तपासायला सोपं आहे. मजकुरात कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या नावाच्या चौकटीत बघा, नाव तिरप्या अक्षरात दिसत असेल तर तो फॉन्ट तुमच्याकडे नाहीये, तुम्ही बघताय तो बदली कामगार आहे. कॅलिब्री आणि कँब्रियासाठी लिब्रेऑफिससोबत कार्लिटो आणि कॅलेडिया येतात, एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरिअर न्यू यांच्यासाठी लिबरेशन नावाचे तीन येतात. ही मंडळी दिसायला थोडी वेगळी असली तरी प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवून बनवलेली आहेत, त्यामुळे ओळी तिथेच तुटतात. म्हणून दोन्हीकडे फिरणाऱ्या फाइलमध्ये यांच्यापैकीच काहीतरी वापरा. अलीकडच्या वर्डमध्ये ॲप्टोस आपोआप लागतो, तो तुमच्याकडे नसेल तर तिथे घसरगुंडी होणार.

दुसरा संशयित, माफ करा, तुम्ही स्वतः. तारखा इकडेतिकडे झाल्या म्हणालात ना, त्यावरूनच कळलं. तुमची फाइल उघडा आणि कंट्रोल धरून एफ१० दाबा, छापली न जाणारी चिन्हं दिसायला लागतील. कंपनीचं नाव आणि उजवीकडची तारीख यांच्यामध्ये ठिपक्यांची लांबच लांब रांग दिसली तर ती सगळी स्पेसबार दाबून केलेली जागा आहे. फॉन्ट बदलला की स्पेसची रुंदी बदलते, मग तारीख जागेवर राहणार कशी. ते ठिपके सगळे उडवा, वरच्या रूलरवर उजवीकडे एक राइट टॅब लावा आणि मध्ये एकदाच टॅब दाबा, नाहीतर सरळ दोन कॉलमचं टेबल करून त्याच्या बॉर्डर काढून टाका. नवीन पान पाहिजे म्हणून एंटर एंटर एंटर करत जाणारेही यातच आले, त्यासाठी कंट्रोल आणि एंटर एकदा पुरतो.

आता सेटिंगचं. टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे लोड/सेव्ह, त्यात जनरल, तिथे कायम कुठल्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायचं ते ठरवता येतं आणि लोक हौसेने तिथे वर्ड लावून ठेवतात. मी तरी सांगेन लावू नका. डॉकएक्स हे लिब्रेऑफिसचं घरचं फॉरमॅट नाही, दर सेव्हला त्याला भाषांतर करावं लागतं, उघडताना परत उलटं, आणि फाइल अशी दहा वेळा फिरली की कुठेतरी काहीतरी सांडतंच. मूळ फाइल ओडीटीत, म्हणजे लिब्रेऑफिसच्या घरच्या फॉरमॅटमध्ये ठेवा. ज्याला नुसतं बघायचंय किंवा प्रिंट काढायचीय त्याला पीडीएफ द्या, त्यात फॉन्ट आतच बांधून जातात, हलायचा प्रश्नच नाही. ज्याला खरंच आत बदल करायचेत फक्त त्याच्यासाठी डॉकएक्सची कॉपी काढा. बायोडाट्याला तर पीडीएफच, तिथे कोणी तुमची तारीख दुरुस्त करायला बसलेलं नसतं. आणखी एक छान सोय आहे जी फार कमी लोकांना माहिती असते, पीडीएफ एक्सपोर्टच्या खिडकीत हायब्रीड पीडीएफ अशी टिक आहे, ती केली की पीडीएफच्या पोटात मूळ ओडीटीही जाते, जगाला ती पीडीएफ दिसते आणि तुम्ही तीच फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून एडिट करू शकता.

ओडीटी उद्या उघडेल ना ही शंका काहींनी काढलीय. ते ज्या ओपन डॉक्युमेंट फॉरमॅटमधलं आहे तो २००६ पासून आयएसओ स्टँडर्ड आहे, वर्डसुद्धा २००९ पासून तो उघडतं. काळजी नको.

प्रश्न: मराठी मजकूर टाइप करते तेव्हा वरून कितीही फॉन्ट बदला, साइज वाढवा, मराठी अक्षरं तशीच राहतात, मधले इंग्रजी शब्द मात्र मोठे होतात. डोकं फिरायची वेळ आलीय.

उत्तर: ताई, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, तुमचा काही दोष नाही. लिब्रेऑफिस प्रत्येक मजकुराला तीन वेगवेगळे फॉन्ट देऊन ठेवतं. एक रोमन लिपीसाठी, एक चिनी-जपानी वगैरेंसाठी आणि एक कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी, आणि देवनागरी या तिसऱ्या खात्यात मोडते. फॉन्टचं नाव, साइज, बोल्ड, इटॅलिक सगळं तीन ठिकाणी वेगळं. रिकाम्या जागी कर्सर ठेवून वरून फॉन्ट बदलला की तो बरेचदा रोमनच्या खात्यात जमा होतो आणि तुम्ही देवनागरी टाइप करायला लागलात की ती आपली जुन्याच फॉन्टमध्ये उमटते.

एकदाच नीट बसवून टाका. टूल्स, ऑप्शन्स, तिथे भाषांचा विभाग आहे, त्यात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला टिक असू द्या आणि भाषा मराठी निवडा. मग त्याच ऑप्शन्समध्ये रायटरच्या (लिब्रेऑफिसमधलं वर्ड) खाली बेसिक फॉन्ट्स असे भाग दिसतील, एक वेस्टर्न आणि एक सीटीएल, म्हणजे तेच कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. सीटीएलमध्ये तुमचा आवडता युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) देवनागरी फॉन्ट लावा, नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, मंगल, जो असेल तो, आणि साइजही तिथेच द्या. नवीन डॉक्युमेंट यापुढे तसंच उघडेल. आधीच्या फाइलसाठी एफ११ दाबा, स्टाइल्सची पट्टी येईल, डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलवर राइट क्लिक करून एडिट, तिथे फॉन्टमध्ये सीटीएलचा भाग बदला, सगळ्या फाइलभर फरक पडेल. नाहीच पडला तर तिथे पूर्वी हाताने केलेलं फॉरमॅटिंग वर चढून बसलंय, मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल एम दाबा, ते उतरेल. पण जपून, तुम्ही हाताने केलेले बोल्डही त्यात जातात.

याच प्रश्नाला जोडून दोघा-तिघांनी लिहिलंय की जुन्या मराठी फाइली उघडल्या की नुसती अगम्य अक्षरं दिसतात. तो वेगळा आजार. युनिकोडच्या आधीचे जे मराठी फॉन्ट होते त्यांत फाइलच्या आत मराठी नसतंच, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप चढवतो. खात्री करायची तर थोडा मजकूर सिलेक्ट करून लिबरेशन सान्स लावा. देवनागरी राहिली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा कचरा झाला तर जुना फॉन्ट. त्या कचऱ्याला कुठलंही सेटिंग पुरं पडणार नाही, त्या विशिष्ट फॉन्टचा कन्व्हर्टर शोधून मजकूर युनिकोड करून घ्यावा लागतो आणि नंतर डोळ्यांनी वाचून काढावा लागतो, जोडाक्षरांत आणि रफारात हमखास चुका राहतात.

प्रश्न: प्रबंध लिहितोय. मध्ये एक मोठं टेबल आहे, तेवढंच पान आडवं करायचंय, पण केलं की सगळी पानं आडवी होतात.

उत्तर: होणारच, कारण इथे पानाचं रूप पेज स्टाइलवर ठरतं आणि तुमची सगळी पानं एकाच स्टाइलची आहेत. टेबलाच्या आधी कर्सर ठेवा, इन्सर्टमध्ये मोअर ब्रेक्स, त्यात मॅन्युअल ब्रेक, पेज ब्रेक निवडून खाली स्टाइल लँडस्केप घ्या. टेबल संपल्यावर पुन्हा तसाच ब्रेक द्या आणि या वेळी डीफॉल्ट पेज स्टाइल. झालं. एकच गोष्ट लोक विसरतात, हेडर-फुटर प्रत्येक पेज स्टाइलचे स्वतंत्र असतात, त्यामुळे आडव्या पानावर पान नंबर गायब दिसेल, तिथे फुटर वेगळा चालू करून नंबर घालायचा, क्रम मागून तसाच पुढे येतो. प्रस्तावनेनंतर १ पासून सुरू करायचं असेल तर त्याच ब्रेकच्या खिडकीत पान नंबर बदलायची टिक आहे.

आणि प्रबंध म्हणताय तर प्रकरणांची नावं नुसती बोल्ड करून मोठी करू नका, हेडिंग स्टाइल लावा, कंट्रोल १, कंट्रोल २ अशी. नंतर अनुक्रमणिका आपोआप बनते, एफ५ दाबलं की नॅव्हिगेटरमध्ये सगळी प्रकरणं दिसतात आणि एखादं प्रकरण उचलून वर-खाली नेलं की त्याखालचा मजकूरही बरोबर जातो. मोठ्या डॉक्युमेंटसाठी मला तर हे वर्डपेक्षा उजवं वाटतं.

प्रश्न: सीएसव्ही फाइल कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसमधलं एक्सेल) उघडली की लांब नंबरांचं काहीतरी ई प्लस होतं, सुरुवातीचे शून्य जातात आणि ५ मार्च चा ३ मे झालाय.

उत्तर: सीएसव्ही म्हणजे स्वल्पविराम टाकून लिहिलेला साधा मजकूर, त्यात हा नंबर, ही तारीख अशी काही माहिती नसते, उघडणारा प्रोग्रॅम अंदाज बांधतो. कॅल्कची चांगली गोष्ट ही की उघडायच्या आधी तो एक खिडकी दाखवून तुम्हाला विचारतो आणि आपण काय करतो, न वाचता ओके! पुढच्या वेळी थांबा. खाली प्रीव्ह्यू दिसतो, नंबरच्या कॉलमच्या डोक्यावर क्लिक करा आणि कॉलम टाइप टेक्स्ट करा, तारखेच्या कॉलमला डेट आणि फाइलमध्ये दिवस-महिना-वर्ष ज्या क्रमाने असेल तो क्रम द्या. वर कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आहे ना बघा, मराठी नावांचा चुथडा होतो तो तिथे.

आत्ता बिघडलेल्या शीटमधले नंबर मात्र फॉरमॅट बदलून परत येणार नाहीत. स्प्रेडशीट कुठलीही घ्या, नंबर साधारण १५ आकड्यांपर्यंतच नेमका राहतो, १६ आकड्यांचा खाते नंबर संख्या म्हणून घेतला की शेवटच्या आकड्याचा भरवसा नाही. मूळ सीएसव्हीवरून पुन्हा सुरुवात करा. ज्या आकड्यांची बेरीज कधीच करायची नसते ते टेक्स्टच असावेत.

प्रश्न: लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडला. आता फाइल उघडताना सांगतंय की ती दुसरं कोणीतरी वापरतंय. घरात मी एकटाच आहे!

उत्तर: तो दुसरा म्हणजे तुम्हीच, लाइट जायच्या आधीचे. फाइल उघडली की लिब्रेऑफिस त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली लॉक फाइल बनवतं, तिचं नाव टिंबाने सुरू होतं, त्यात लॉक हा शब्द आणि तुमच्या फाइलचं नाव असतं. व्यवस्थित बंद केलं की ती पुसली जाते, वीज गेली की राहून जाते. लिब्रेऑफिस पूर्ण बंद करा, फोल्डरमध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि ती एवढी उडवा. फोल्डर नेटवर्कवर असेल तर आधी बाकीच्यांना विचारून घ्या, खरंच कोणीतरी उघडून बसलेलं असू शकतं.

ऑप्शन्समध्ये लोड/सेव्हच्या जनरलमध्ये ऑटोरिकव्हरीची वेळ आहे, ती कमी करून ठेवा आणि बॅकअप कॉपीची टिक करा. फाइल उघडतच नसेल तर शेवटचा उपाय सांगतो. ओडीटी ही खरं म्हणजे एक झिप असते. तिची कॉपी काढा, कॉपीच्या नावाचं शेपूट झिप करा आणि उघडा. आत कंटेंट नावाची एक्सएमएल फाइल असते त्यात तुमचा सगळा मजकूर आहे, टॅगांच्या जंगलात असला तरी आहे, आणि पिक्चर्स फोल्डरमध्ये फोटो असतात. नुसते फोटो बाहेर काढायचे असतील तेव्हाही हीच युक्ती वापरा, चांगल्या फाइलवरही चालते.

प्रश्न: आमच्या ऑफिसमध्ये सगळीकडे हेच टाकावं असं चाललंय. एक्सेलच्या मॅक्रोवाल्या, म्हणजे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम आत असलेल्या, शीट्स आहेत, आणि एकाच शीटवर तिघे-चौघे एकदम काम करतात. जमेल का?

उत्तर: पत्रं, अहवाल, साध्या शीट्स, प्रेझेंटेशन याला काहीच अडचण नाही. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य सरकारने २०२४ मध्ये आपले ३०,००० कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर न्यायचं ठरवलं, तेव्हा आकाराचा प्रश्न नाही. फॉर्म्युलेही बहुतेक चालतात, एक्सलुकअप आणि फिल्टरसारखे नवे फंक्शन २४.८ पासून आलेत, जुनं व्हर्जन असेल तर आधी अपडेट करा.

मॅक्रोंचं मात्र खोटं बोलणार नाही. एक्सेलचे मॅक्रो ज्यात लिहिलेले असतात तो व्हीबीए कोड काही प्रमाणात चालतो, सगळा नाही, आणि कुठे अडेल हे चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. ज्या एका शीटवर अख्ख्या ऑफिसचा पगार निघतो ती पहिल्या दिवशी हलवायला जाऊ नका. त्या एक-दोन मशीनवर एक्सेल राहू द्या, बाकीच्यांना बदला, शीट सवडीने नव्याने बांधून घ्या. एकाच वेळी तिघांनी टाइप करायचं असेल तर डेस्कटॉपवरचं लिब्रेऑफिस त्यासाठी नाही, त्याच कोडवर बनलेलं कोलाबोरा ऑनलाइन आहे, ते ब्राउझरमध्ये चालतं, पण ते सर्व्हरवर बसवावं लागतं, म्हणजे ते सांभाळणारा माणूस लागतो. आणि मेलचं काही यात येत नाही, त्याला थंडरबर्ड वगैरे वेगळं घ्या.

प्रश्न: फाइलला पासवर्ड टाकला होता, विसरलो.

उत्तर: गेली. तो नुसता दरवाजा नसतो, आतला मजकूरच एन्क्रिप्ट होतो, मागचं दार ठेवलेलं नाही. कुठे जुनी बॅकअप कॉपी किंवा कुणाला पाठवलेली पीडीएफ आहे का तेवढं शोधा.

प्रश्न: दिसायला फार जुनाट वाटतं, वर्डसारखी वरची पट्टी नाही का येत?

उत्तर: येते की. व्ह्यूमध्ये यूजर इंटरफेस उघडा, टॅब्ड निवडा, अप्लाय करा. नाही आवडली तर तिथेच जाऊन स्टँडर्ड टूलबारवर परत या.